लाल दप्तरावरचा चौकोन

मित्रांनो, सुईदोऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात, सुट्या बटणांखाली दडपलेला मी एक जुना क्यूआर कोड आहे. कोड आणि जुना, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. आम्ही तर कालपरवाचे. पण आमच्यात वय वर्षांवर ठरत नाही. माझ्या पोटात जे लिहिलेलं आहे ते खोटं ठरलं, की मी जुना झालो. तसा मी फार लवकर जुना झालो, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी दिसायला होतो तसाच होतो.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. टेबलावर लॅपटॉप होता, शेजारी इस्त्री होती, आणि समोर एक आई बसली होती. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायची. तिथे प्रत्येक नळीवर एक लहानसा कोड चिकटवलेला असतो. नळी हातात आली की आधी तो वाचायचा, मगच पुढचं काम. कितीही घाई असली तरी हा नियम मोडायचा नाही, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या चौकोनांवर तिचा फार विश्वास होता.

तिला एक मुलगी होती. शाळेत जाऊ लागून फार दिवस झाले नव्हते. सगळे तिला चिमणी म्हणायचे. चिमणीला दमा होता. बरी असली की दिवसभर नाचायची, आणि कधी रडू कोसळलं, धूळ उडाली, फार पळापळ झाली, की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागायचा. मग निळा पंप तोंडाला लावावा लागे. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. पण आईला झोप यायची नाही ती वेगळ्याच विचाराने. आपण कुणीच जवळ नसलो तर? परक्या माणसाला काय कळणार, पंप कुठे आहे आणि किती द्यायचा?

म्हणून तिने मला घडवलं. काय लिहायचं यावर ती बराच वेळ अडली. आधी मुलीचं नाव लिहिलं, मग खोडलं. कुणीही मोबाइल रोखून नाव वाचायचं आणि ओळख असल्यासारखी हाक मारायची, ते नको. पत्ता लिहिला, तोही खोडला. शेवटी उरलं ते एवढंच: या मुलीला दमा आहे. निळा पंप दप्तराच्या पुढच्या खिशात आहे. दोन फवारे द्या, मध्ये थोडं थांबा. तिला बसवून ठेवा, घाबरवू नका. आईला फोन करा. आणि खाली आईचा नंबर.

हे सगळं तिने थेट माझ्या ठिपक्यांतच भरलं. दुसरा एक मार्ग होता. कोडात फक्त एक दुवा ठेवायचा आणि मजकूर इंटरनेटवर ठेवायचा. मग मजकूर हवा तेव्हा बदलता येतो. पण ऐनवेळी रेंजच नसली तर? या एका शंकेने तिने तो मार्ग सोडला. मला वाचायला इंटरनेट लागत नव्हतं, याचा मला अभिमान वाटायचा. एकदा घडलो की मला बदलता येणार नाही, ही गोष्ट तेव्हा कुणाला मोठी वाटली नाही.

माझ्या आधी माझी दोन भावंडं वाया गेली. पहिल्याला इस्त्रीने कापडावर उमटवताना कागद चुकून उलटा ठेवला गेला. दुसरा नीट उमटला, पण तो सुबक दिसावा म्हणून आईने कात्रीने अगदी काळ्या कडेपर्यंत कापला. मग मोबाइलला तो वाचताच येईना. तेव्हा चिमणीचे बाबा दाढी करता करता बाहेर आले आणि म्हणाले, चहूबाजूंनी थोडं पांढरं सोडावं लागतं, नाहीतर कोड कुठे सुरू होतो ते यंत्राला समजत नाही. तिसरा मी. मला पांढरी किनार मिळाली. तीन कोपऱ्यांत तीन चौकोनी डोळे मिळाले. आईने मला दिव्याखाली, पडद्याआडच्या अंधारात, तिरकं धरून, ओल्या फडक्याने पुसून, असं पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. प्रत्येक वेळी मी बरोबर बोललो.

शिवायची वेळ आली तेव्हा थोडी कुरबूर झाली. घरात आजी होती, बाबांची आई. तिने लाल दप्तर आणल्या दिवशीच त्याच्या पट्ट्यावर पक्क्या शाईच्या पेनाने आईचा नंबर ठळक लिहून ठेवला होता. आईला तो आवडला नव्हता. बसमध्ये कुणाच्याही नजरेला नंबर पडतो, असं तिचं म्हणणं. आजीचं म्हणणं, नजरेला पडावा म्हणूनच तर लिहिला. दोघी एकमेकींवर आवाज चढवणाऱ्या नव्हत्या. आईने मला नेमकं त्या नंबरावर ठेवून चारी बाजूंनी टाके घातले. आजी बघत राहिली. मग म्हणाली, "आता माझ्याही कपाळावर एक चिकटव गं. माझं काय बिनसलंय ते तुम्हाला न विचारता वाचता येईल."

आई हसली. टाके मात्र तिने घट्टच घातले.

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. शाळेच्या सहलीत बाईंनी मला वाचून पाहिलं आणि इतर आयांना दाखवलं. मग आमच्या आईकडे सगळे कोड मागायला आले. इमारतीच्या लिफ्टमध्ये दुरुस्तीवाल्याच्या नंबराचा कोड लागला. कपडे धुण्याच्या यंत्रावर कुठलं बटण कशाचं याचा लागला. फ्रिजवर आजीच्या गोळ्यांच्या वेळांचा लागला. आजी तो कधी वाचायची नाही. ती गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायची.

मी पावसात भिजलो, बाकाखाली तुडवला गेलो, माझ्यावर शाईचा डाग पडला. माझा एक कोपरा झिजला. तरी मी वाचला जायचो. आमची घडणच अशी असते, की थोडा भाग गेला तरी उरलेल्यावरून सगळा मजकूर जुळवता येतो. मी फाटलो असतो तर आईने लगेच नवा केला असता. पण मी अंगाने धडधाकट राहिलो.

मग आईला परक्या नंबरांवरून फोन यायला लागले. कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. कधी हसणं. तिने तो नंबर अडवला की दुसऱ्यावरून यायचा. ती आधीच काळजीखोर, आता तर फोन वाजला की तिचा हात थांबायचा. शेवटी बाबांनी तिला नवा नंबर घेऊन दिला. तिने तो सगळ्यांना कळवला. शाळेला, डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, लॅबमध्ये, तिच्या माहेरी. आजीच्या मोबाइलात स्वतः भरून दिला. लिफ्टमधला, यंत्रावरचा, फ्रिजवरचा, सगळे कोड तिने नजरेखालून घातले. त्यांत तिचा नंबर नव्हता. माझ्यात होता. पण मी रोज तिच्या समोरच असायचो. सकाळी दप्तर अडकवताना तिचा अंगठा माझ्यावरूनच फिरायचा. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं?

आणि चिमणी. तिला जुना नंबर पाठ होता. आईनेच तो जिना चढताना चालीवर शिकवला होता, पायरीला एक आकडा. नवाही शिकवला, पण त्याला चाल लागली नाही. विचारलं की चिमणी आधी जुना म्हणायची, मग जीभ चावून नवा. तो जुना नंबर काही महिने कुणाचाच नव्हता. मग फोन कंपनीने तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला.

आता त्या दुपारचं सांगतो.

शाळा सुटल्यावर आजी चिमणीला बसने घरी आणायची. आजीचे गुडघे दुखायचे, म्हणून चिमणीने एक काम स्वतःकडे घेतलं होतं. बस आली की ती सगळ्यांच्या आधी आत शिरायची आणि आजीसाठी जागा धरायची. आजी सगळ्यांना कौतुकाने सांगायची, माझी नात माझी जागा धरते. त्या दिवशी आधीची बस आलीच नव्हती. थांब्यावर खच्चून गर्दी होती. बस आली तशी चिमणी मोठ्यांच्या कोपरांखालून आत सटकली. खिडकीजवळ दोन जागा होत्या. एकीवर ती बसली, दुसरीवर तिने लाल दप्तर ठेवलं. म्हणजे आजीची जागा मीच धरली होती.

एका गृहस्थांनी दप्तर उचलायला सांगितलं. चिमणी म्हणाली, "इथे माझी आजी बसणार आहे."

दार बंद झालं. बस निघाली. चिमणी मागे वळून बघत राहिली. एकेक चेहरा बघितला. आजी त्यांत नव्हती. आजी थांब्यावरच राहिली होती, हात वर करून. हे मला नंतर घरी बोलणं झालं तेव्हा कळलं.

चिमणी आधी रडली नाही. तिने दप्तर मांडीवर घेतलं आणि पट्टा घट्ट धरला. तिचा अंगठा माझ्यावर दाबलेला होता. मग आली ती शिट्टी. बारीक, आत ओढलेली. गृहस्थांनी कंडक्टरबाईंना हाक मारली. कंडक्टरबाईंनी विचारलं, कुठे उतरायचं, कोण आहे बरोबर. चिमणीला बोलता येत नव्हतं. बस पुढच्या डेपोत थांबत होती. बाईंनी तिला कडेवर घेतलं, दप्तर खांद्याला लावलं आणि डेपोतल्या चौकशीच्या खोलीत नेलं.

खोलीत एक टेबल, एक पंखा, खिडकीत बसणारे एक काका. चिमणीचे खांदे कानांपर्यंत वर आले होते. कंडक्टरबाई म्हणाल्या, पोरीला भीतीने धाप लागलीय, पाणी द्या. काका पाणी आणायला उठले आणि त्यांना मी दिसलो. त्यांच्याकडे दिवसभर लोक खिडकीवरचा वेळापत्रकाचा कोड वाचायला यायचे, म्हणून त्यांचा हात आपोआप मोबाइलकडे गेला. त्यांनी मला वाचलं. मोठ्याने वाचलं. कंडक्टरबाईंनी पुढचा खिसा उघडला. पंप होता. एक फवारा. थांबल्या. दुसरा. काका वाचत होते, बसवून ठेवा, घाबरवू नका. बाईंनी तिला टेबलावर बसवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, तेवढा वेळ मी जगातला सगळ्यात खरा कोड होतो. त्याच्या पुढच्या ओळीपर्यंत.

काकांनी नंबर लावला. आवाज मोठा केला. "ताई, तुमची मुलगी डेपोत आहे. लवकर या."

पलीकडून म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. "अहो, मला मुलगी नाही."

काकांनी नंबर पुन्हा तपासला. मला पुन्हा वाचलं. तोच. चिमणीला विचारलं, बाळ, आईचा नंबर येतो का? श्वास थोडा मोकळा झाला होता. तिने पाय हलवत, चालीवर, एकेक आकडा म्हटला. तोच नंबर. मी आणि ती, दोघांची साक्ष जुळली. यावर कोण शंका घेणार? काकांचा चेहरा बदलला. कंडक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि चिमणीच्या कानांवर हात ठेवले.

"आजोबा," काका हळू आवाजात म्हणाले, "पोर स्वतः नंबर म्हणून दाखवतेय. घरातलं काही भांडण असेल तर नंतर करा. तिला धाप लागलीय."

पलीकडे शांतता. त्यांनी फोन ठेवला असता तर? कुणीही ठेवला असता. चुकीचे फोन रोज येतात, आणि परक्याचं लचांड गळ्यात घ्यायला कुणाला आवडतं? मला ती शांतता अजून आठवते.

"ठेवू नका," म्हातारा म्हणाला. "फोन ठेवू नका. ही त्या बाईंची मुलगी असणार. हा नंबर घेतल्यापासून त्यांचे फोन मला येतात. एका रक्ताच्या लॅबमधली पोरगी चुकून जुनाच नंबर लावते आणि विचारते, मॅडम, आज माझ्या जागी थांबाल का. दोनदा ओरडलोय तिच्यावर. तिचा नंबर असेल माझ्या फोनमध्ये. थांबा. चष्मा कुठे ठेवला मी..."

काहीतरी पडल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. खोलीतले सगळे त्या फोनकडे बघत उभे राहिले. चिमणी पुन्हा जोरात श्वास ओढायला लागली होती, कारण आता तिला कळलं होतं, की पलीकडे आई नाही.

चष्मा सापडला. नंबर मिळाला. काकांनी टेबलावरच्या फोनवरून लॅबला लावला आणि मोबाइल तसाच चालू ठेवला. चिमणी हुंदके देत होती. तिच्याशी बोलायला म्हाताऱ्याकडे काही नव्हतं, ओळख नव्हती. मग त्याने विचारलं, "दप्तरात काय काय आहे तुझ्या? एकेक सांग. घाई नको, मी इथेच आहे."

चिमणीने सांगितलं. डबा. आजोबा म्हणाले, रिकामा की भरलेला? अर्धा. का अर्धा? भाजी आवडत नाही. खोडरबर. कसलं? सशाचं, कान तुटलेला. कुणी तोडला? मीच. बोलता बोलता शिट्टी बारीक होत गेली.

लॅबमध्ये आई नव्हती. आजीचा फोन येताच ती अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट थांब्याकडे धावली होती, म्हणजे डेपोच्या नेमकी उलट दिशेला. लॅबमधल्या त्याच मुलीने तिला नव्या नंबरावर गाठलं. आई डेपोत पोचली तेव्हा कोट तसाच होता. ती रडली नाही. तिने चिमणीचे ओठ बघितले, नखं बघितली, छातीला कान लावला. मग तिला घट्ट धरलं. काकांनी तिला फोनचं सगळं सांगितलं. तिला वाटलं, त्यांनीच आकडा चुकीचा दाबला असेल. तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि मला वाचलं.

ती ओळ तिने बघितली आणि बाकावर बसली.

"दिवसभर लोकांच्या नळ्यांवरची लेबलं वाचते मी," ती म्हणाली. कंडक्टरबाईंना काही कळलं नाही. त्यांनी आईला पाणी दिलं.

त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि ते जास्त जड होतं. आजीने डेपोतून आलेल्या चिमणीला जवळ घेतलं नाही. लांबूनच बघत राहिली. आपल्यावर पुन्हा कुणी पोर सोपवेल की नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चिमणी मात्र आजीवरच रुसली होती. मी जागा धरली होती, तू आलीच नाहीस, असं तिने सुनावलं.

आई दप्तर घेऊन टेबलाशी बसली. आजीने न सांगता कात्री आणून दिली. टाके एकेक करून तुटले आणि मी सुटलो. माझ्याखाली आजीच्या हातचे आकडे होते, इतके महिने ऊन न लागलेले, कालच लिहिल्यासारखे काळे. जुनाच नंबर. माझ्यातलाच.

आई म्हणाली, "म्हणजे हासुद्धा चुकीचाच होता, आई."

आजीने आकड्यांवरून बोट फिरवलं. तिचा आवाज कोरडा होता. "होता. पण दिसत असता तर ज्या दिवशी तू नंबर बदललास त्याच दिवशी मी खोडला असता."

यात टोमणा नव्हता. म्हणूनच आईने मान खाली घातली. मग तिने पेन आजीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही लिहा. वर माझा, खाली तुमचा. मी पंपाचा कोड शेजारी लावते."

"आणि बसचं?" आजीने विचारलं. तिला एवढंच विचारायचं होतं.

"उद्या तुम्हीच जायचंय. फक्त आधी तुम्ही चढायचं, आणि तुमची जागा तुम्हीच धरायची."

आजी चिमणीच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

आता दप्तरावर माझा धाकटा भाऊ आहे. त्याच्या पोटात फक्त दम्याचं आणि पंपाचं आहे. नंबर त्याच्या शेजारी शाईने लिहिलेले आहेत, सगळ्यांना दिसतील असे. आई सुट्टीच्या दिवशी दप्तर रिकामं करते, तेव्हा लॅबमधल्यासारखी आधी त्याला वाचते, मगच दप्तर धुवायला टाकते. चिमणीला नवा नंबर आता पाठ झालाय. त्याला चाल आजीने लावून दिली. तरी आईची झोप पूर्वीसारखी झाली नाही. ती मधेच उठते आणि फ्रिजवरचा कोड वाचून बघते.

मला तिने फेकलं नाही. का, ते मला माहीत नाही. डबा उघडला की ती मला बटणांखालून वर काढते, बघते आणि पुन्हा ठेवते.

मित्रांनो, आम्हाला घडवायला मिनिटभर पुरतं. म्हणून तुम्ही आम्हाला दारावर, सायकलवर, औषधांच्या बाटलीवर, कुत्र्याच्या पट्ट्यावर लावता आणि विसरून जाता. चुकीचं लिहिलेलं अक्षर डोळ्यांना खुपतं, चुकीचा कोड खुपत नाही. तो बरोबर कोडासारखाच गप्प असतो. म्हणून अधूनमधून आम्हाला वाचा. गरज नसताना वाचा. आणि जे माणसाला नुसत्या डोळ्यांनी कळलं पाहिजे, ते शेजारी शाईने लिहा.

मला आजही कुणी वाचलं तर फोन त्या आजोबांनाच जाईल. ते चष्मा शोधतील आणि उचलतील, एवढं मला माहीत आहे. तुमच्या दप्तरावरच्या कोडातला नंबर आज कुणाच्या खिशात वाजतो, आणि तो माणूस फोन ठेवून देईल की थांबेल, हे मला माहीत नाही. तुम्हाला तरी आहे का?